जुनी प्रत केव्हा पुसायची?

त्या मंगळवारी आई आणि माझी लेक ऊर्वी मागच्या पडवीत तिसऱ्यांचे शिंपले धूत बसल्या होत्या. आमच्या खाडीत चालकाविना होड्या धावतात. नियंत्रण केंद्रातल्या एकाच संगणकावरचा नकाशा वाचून त्या वाट काढतात. त्या संगणकाचा कर्नल (सगळ्या कामांना स्मृती आणि पाळी वाटून देणारा गाभा) आई लिहायची.

"आजी, वाळू सरकली की तू नकाशा बदलतेस. नेमकी तेव्हाच एखादी होडी तो वाचत असली तर?"

"अर्धा जुना, अर्धा नवा वाचेल नि गाळात रुतेल."

"मग आधी सगळ्या होड्या थांबव!"

"भर ओहोटीत? खाडी म्हणजे काय तुझ्या बाईंचा वर्ग आहे, गप्प म्हटलं की गप्प?"

ऊर्वी खिदळली. आई म्हणाली, "जुन्या नकाशाला हात लावायचा नाही. त्याची प्रत काढून ती दुरुस्त करायची. मग पॉइंटर (नकाशा स्मृतीत कुठे आहे तो पत्ता) एका झटक्यात नव्या प्रतीकडे वळवायचा. त्यानंतर येणारी होडी नवंच वाचते."

"आणि आधीपासून वाचत असलेली?"

"ती जुनं पुरतं वाचून संपवते. लगेच पुन्हा वाचायला येते, तेव्हा तिला नवं मिळतं. शेवटचा वाचक उठेपर्यंत जुनी प्रत पुसायची नाही. तो ग्रेस पीरियड (वाट पाहण्याचा काळ)."

बुधवारी सकाळी आई उठली नाही. झोपेतच गेली.

दिवसकार्य उरकलं आणि वाळू सरकली. नियंत्रण केंद्रात मी आईच्या हाताखाली काम करायचे; नोकरी घराजवळ आहे म्हणून आले, असं तिला सांगितलं होतं. आता तिच्या खुर्चीत मी होते. शाळेला सुट्टी होती, म्हणून ऊर्वी शेजारी बसली होती. मी प्रत काढली, दुरुस्त केली, पॉइंटर वळवला.

पुसण्याची आज्ञा आमच्याकडे माणूसच देतो. जुन्या नकाशाच्या कोपऱ्यात आईची आद्याक्षरं होती. मला ती बघवेनात. मी आज्ञा द्यायला बोट उचललं.

"आई, थांब!" ऊर्वीने मला अडवलं. "पडद्यावर एक वाचक दिसतोय अजून."

खरंच होता. कर्नलने दुसऱ्या तातडीच्या कामाला पाळी देण्यासाठी एका होडीचं वाचन मधेच थांबवलं होतं. मी पुसलं असतं, तर त्या जागेत दुसरंच काही लिहिलं गेलं असतं आणि होडीने तेच वाट समजून वाचलं असतं. होडीत बाजाराहून परतणारी माणसं होती.

मी बोट मागे घेतलं. ऊर्वीने माझा हात धरून ठेवला.

थांबलेलं वाचन पुन्हा सुरू होऊन संपलं आणि वाचकांचा आकडा शून्यावर आला. होडी पुन्हा वाचायला आली, तिला नवा नकाशा मिळाला आणि वाळूला वळसा घालून ती धक्क्याकडे निघाली.

"आता पूस," ऊर्वी म्हणाली. "पुढच्या वेळी प्रत मी काढणार हं. तू फक्त बघ."

"बघेन."

जुना नकाशा अजून पडद्यावर होता. त्या आद्याक्षरांकडे बघत मी मोठ्याने म्हणाले, "आई, घराजवळची नोकरी म्हणून नव्हते आले मी इथे. मला तुझ्याजवळ बसायचं होतं."