उबेचं सॉकेट

डीप फ्रीझर दारातून आत जाईना, तेव्हा श्रीकरनं दाराची एक फळीच उतरवली. बंद पडलेल्या आइस्क्रीमच्या दुकानातला तो पांढरा पेटारा तंजावूरच्या राजवाड्यामागल्या अरुंद गल्लीतून हातगाडीवर डुलत आला होता. समोरच्या भुवनेश्वरीनं ओसरीवरूनच विचारलं, "काय गे रंजना, आइस्क्रीम विकतेस की मासे?"

"बिअर, मामी," श्रीकर म्हणाला.

"शिव शिव!"

"आल्याची. करुपट्टीचा ताडगूळ घालून. नशेची नव्हे, नुसती फसफसणारी."

"तुझे आजोबाही पिऊन आले की हेच सांगायचे," असं म्हणून भुवनेश्वरी आत गेली.

पंगुनी महिन्याच्या उकाड्यात बाहेर ठेवलेलं काहीही आंबण्याआधी नासतं. श्रीकरच्या बरणीला एकोणीस अंश हवे होते आणि फ्रीझरला नुसतं गोठवणं ठाऊक. म्हणून भिंतीतला पॉइंट आणि फ्रीझर यांच्यामध्ये एक छोटा कंट्रोलर बसवायचा होता. त्याची काळी सेन्सरची तार बरणीला चिकटवायची, हवा तो आकडा लावायचा. बरणी तेवढी गार झाली की तो फ्रीझरची वीज तोडतो. त्याच्या आईनं, रंजनाबाईंनी, मुलींच्या शाळेत जन्मभर भौतिकशास्त्र शिकवलेलं. निवड त्यांच्यावर आली.

"हा एका सॉकेटचा, नुसतं गार करतो," श्रीकरनं फोन पुढे धरला. "हा दोन सॉकेटचा. फार गार झालं तर दुसऱ्या सॉकेटातला गरम पट्टा चालू करतो. कुठला घेऊ?"

"तंजावूरात ऊब विकत घेणारा तू पहिलाच," त्या हसल्या. "एकाचा घे."

फ्रीझर कुठं ठेवायचा हा प्रश्नच नव्हता. एवढा भार पेलणारा जाड पॉइंट घरात एकच, हॉलमध्ये खिडकीखाली. श्रीकरनं तिथं प्लग लावला तेव्हा रंजनाबाई स्वयंपाकघरात निघून गेल्या.

त्याच पॉइंटावर गेल्या हिवाळ्यात, मार्गळी महिन्यात, ऐस पेट्टी लावली होती.

माणूस गेलं आणि मुलं परदेशी असली की देह ठेवायला काचेच्या झाकणाची ती थंड पेटी भाड्यानं येते. सगळ्यांच्याच घरी येते, त्यात वावगं काही नाही. थोरल्या जाऊबाई वेंकूबाई गेल्या तेव्हा त्यांचा विश्वेश टोरांटोहून येईपर्यंत त्या पेटीत होत्या. पण वेंकूबाई म्हणजे भर उन्हाळ्यातही तांबडी शाल न सोडणारी बाई. शेवटच्या आजारात त्यांनी रंजनाबाईंचं मनगट घट्ट धरून म्हटलं होतं, "मजला त्या पेट्टीत घालू नको गे. थंडी सोसत नाही. विशू पोचला नाही तरी चालेल."

"नाही घालणार, अक्का," रंजनाबाई म्हणाल्या होत्या.

मग फोनवर विश्वेशचं रडणं. "काकू, मी येईपर्यंत आईला थांबवून ठेव." आणि पेटी घेऊन आलेल्या माणसांना पॉइंट कुठं आहे ते रंजनाबाईंनी स्वतः दाखवलं होतं. पेटीच्या कडेला एक हिरवा आकडा होता. विश्वेश येईपर्यंत रंजनाबाई त्या आकड्याकडेच बघत बसल्या होत्या. तीन.

अजूनही दर रविवारी फोनवर विश्वेश विचारायचा, "आई शेवटी काही बोलली का, काकू?"

"नाही रे. शांत गेली."

बरणी छान आंबू लागली. झाकणावरच्या वाकड्या नळीतल्या पाण्यातून वायू बाहेर यायचा. बुड्. मग थोडं थांबून, बुड्. "चांगला श्वास घेतेय," श्रीकर खूष झाला.

पहिल्यांदा आकडा सतरावर दिसला तेव्हा दोघांनीही लक्ष दिलं नाही. मग तो बारा झाला. कंट्रोलरनं वीज केव्हाच तोडलेली, फ्रीझर मुका, आणि आकडा उतरतच होता.

"सेन्सर बिघडला," श्रीकर म्हणाला.

रंजनाबाईंनी सेन्सर बर्फाच्या पाण्यात बुडवला. शून्य. स्वयंपाकघरात नेऊन टांगला. तेहतीस, उकाडा होताच तेवढा. हॉलमध्ये आणून नुसता खिडकीखाली जमिनीवर ठेवला, फ्रीझरच्या बाहेर. आकडा पायऱ्या उतराव्यात तसा खाली आला.

तीनवर थांबला.

त्यांनी तिथल्या फरशीवर हात टेकला. फरशी कोमट होती. बाहेर उन्हानं गल्ली पांढरी पडली होती.

तेवढ्या थंडीत आंबणं थांबायला हवं. नळी मात्र चालू होती. बुड्. थोडं थांबून, बुड्.

"वेंकू पेरिम्माची पेटी इथंच होती ना ग?" श्रीकरनं सहज विचारलं.

"तो दोन सॉकेटचा मागव," रंजनाबाई म्हणाल्या.

नवा कंट्रोलर आला. श्रीकरनं बरणीभोवती गरम पट्टा बांधला, वरून गुंडाळायला जुनं पांघरूण मागितलं. रंजनाबाईंनी कपाटातून तांबडी शाल आणली. बरणीला त्यांनी ती स्वतः गुंडाळली, खांद्यावरून घ्यावी तशी, आणि टोक आत खोचलं.

"माफ कर, अक्का," त्या पुटपुटल्या.

दुसऱ्या सॉकेटाचा तांबडा दिवा लागला. आकडा चढू लागला. पाच. अकरा. एकोणीस. तिथं दिवा विझला आणि आकडा स्थिर राहिला. रंजनाबाईंना हसू आलं, मग रडू आलं. श्रीकर कॉफी ठेवायला आत गेला.

नळीचा आवाज थांबला आहे, हे त्यांच्या जरा उशिरा लक्षात आलं.

फोन वाजला. वार रविवार नव्हता.

"काकू, उगीच केला फोन," विश्वेश म्हणाला. "इथलं हीटिंग बिघडलंय. मेकॅनिकला दोष सापडत नाही. भट्टी चालू आहे, आणि घरात तीन अंश."

रंजनाबाईंनी कंट्रोलरच्या आकड्याकडे पाहिलं.

"आईची ती शाल आहे का ग तुझ्याकडे? कालपासून सारखी तीच आठवतेय."

"आहे."

"पाठवशील? आणि हा आवाज ऐक. पाइपातून येतो." त्यानं फोन दूर धरला असावा.

बुड्.

थोडं थांबून, बुड्.

"काकू," तो परत आला. त्याचे दात वाजत होते. "एक विचारू? आई खरंच काही बोलली नाही?"

श्रीकर कॉफीचे दोन पेले घेऊन दारात उभा होता. शालीतली बरणी गप्प होती. आता सांगितलं तर हा पोरगा ते जन्मभर वागवेल, असं रंजनाबाईंना वाटलं. आपण वागवतो तसं.

"नाही रे," त्या म्हणाल्या. "शांत गेली."

पलीकडचा पाइपातला आवाज थांबला. कुणी ऐकण्यासाठी श्वास रोखावा, तसा.

"अरे, हे बघ," विश्वेश म्हणाला. "आता दोन अंश झाले."