वरच्या मजल्याचा आवाज

ताईकडे पडदे शिवायला टाकले होते, ते आणायला गेले त्या दुपारची ही गोष्ट. ताईने मशीन थांबवलं, बोट वर केलं. "ऐक."

वरच्या खोलीत कुणीतरी खुर्ची सरकवत होतं. जड लाकडी खुर्ची, फरशीवरून सावकाश ओढल्यासारखी. थांबे, पुन्हा सुरू होई.

"रोजचं आहे," ती म्हणाली. "मी ऑनलाइन विचारलंय, काय करावं म्हणून. शेजाऱ्यांच्या कटकटींवर एक फोरम आहे. भली माणसं आहेत गं. म्हणाली, आधी जाऊन बोला."

आम्ही दोघी वर गेलो. वर एकटेच राहायचे घड्याळं दुरुस्त करणारे काका. दार उघडलं तर खोलीत जमिनीवर गादी, एक बुटकं टेबल आणि तेलाचा वास. खुर्ची नव्हतीच.

"आवाज ना?" काका हळूच म्हणाले. "मलाही येतो... वरून."

काकांच्या वर नुसतं छप्पर होतं.

ताईने हेही फोरमवर लिहिलं. मग उत्तरांचा सूर बदलला. म्हातारा खोटं बोलतोय. मुद्दाम छळतोय. तुझ्यावर पाळत आहे त्याची. भावोजी म्हणाले, "अगं, पंख्याचा नाहीतर पाइपचा आवाज असेल, सोडून दे." ताईने हे कळवलं तर उत्तर आलं, नवरा त्याला सामील दिसतो. पंधरवड्यात भावोजी बॅग भरून भावाकडे राहायला गेले.

मी फोनवर समजावलं तर ती माझ्यावरच उखडली. "तुला काय कळतंय? इतकी माणसं एकच सांगतायत. सगळी वेडी आहेत का?"

सुट्ट्या लागल्या, इमारत रिकामी झाली. तेव्हा कुणीतरी लिहिलं, एकदा बाहेरून कडी लाव. अद्दल घडेल.

तिने लावली.

काका दार ठोठावू लागले. तिने तेही लिहिलं. उत्तर आलं, बघ, आवाज तोच करतो, सिद्ध झालं ना? आता उघडलंस तर हरलीस. खाली कितीतरी जणांनी शाबासकी दिली होती. दुसऱ्या दिवशी ठोठावणं मंद झालं, मग थांबलं. ताईने लिहिलं, आता शांत वाटतंय.

सुट्टीवरून परतलेल्या रखवालदाराने वास आला म्हणून दार उघडलं. काका दाराशीच पडले होते. नखं तुटलेली.

पोलिसांनी ताईला नेलं. जाताना ती मला एवढंच म्हणाली, "पण मी विचारून केलं गं सगळं..."

काल तिचे कपडे आणायला मी तिच्या घरी गेले. बाहेर लख्ख ऊन होतं. वरच्या खोलीला पोलिसांचं सील. शिवणकामाच्या टेबलावर कॉम्प्युटर चालूच राहिला होता, फोरम उघडा. बंद करायला हात पुढे केला आणि सगळ्यात वरचा नवा प्रश्न वाचला. त्याच दिवसाचा होता.

"खालच्या बाईने बाहेरून कडी लावली आहे. हाका मारून घसा बसला. काय करू?"

काकांकडे कॉम्प्युटर नव्हता. साधा फोनही नव्हता.

कुणीतरी थट्टा करतंय, मी स्वतःला म्हटलं. तेवढ्यात खाली पहिलं उत्तर उमटलं.

"तिची बहीण आत्ताच आत आली आहे. तिला विचारा."

मी अजून पायातले बूटही काढले नव्हते.