उतारावर पेटणारा दिवा

“लागला बघ परत,” मागच्या सीटवरून मान लांब करून चंदू म्हणाला. “आबा, तो लाल दिवा परत लागला.”

“लागू दे,” बळवंतकाका स्टिअरिंग फिरवत म्हणाले. “तू खाली बस आधी. मानेचा बगळा झालाय तुझा.”

पोखरा सोडून फार वेळ झाला नव्हता, आणि व्हॅनच्या काट्यांच्या चौकटीतला तो दिवा सकाळपासून मनाला येईल तेव्हा लागत होता नि मनाला येईल तेव्हा विझत होता. त्याच्यावर इंग्रजीत ‘ब्रेक’ असं लिहिलेलं होतं. वाचता सगळ्यांनाच येत होतं. अर्थ लावताना मात्र सगळ्यांची वाट लागली होती.

आता ही मुंबईची मंडळी नेपाळच्या डोंगरात काय करत होती, ते आधी सांगायला हवं. बळवंतकाका वर्सोव्याच्या कोळीवाड्यातले. त्यांची स्वतःची होडी होती आणि मासळी बाजारात न्यायला ही व्हॅन होती. अंधेरीच्या ज्या कारखान्यातून ते बर्फ घ्यायचे, तिथे वाकोल्याचे धोंडिराम कामाला होते. रोज पहाटे बर्फाच्या लाद्या उचलता उचलता दोघांची घट्ट दोस्ती झाली होती. धोंडिरामच्या आईला, म्हणजे सखुबाईआजीला, वैशाख पौर्णिमेच्या दिवशी लुंबिनीला जायचं होतं. जिथे बुद्धांचा जन्म झाला तिथे, आणि त्याच दिवशी. छप्पन साली नागपूरला दीक्षा घेतली तेव्हा तिने आणि आजोबांनी मिळून हे ठरवलं होतं. आजोबा गेले, जायचं राहून गेलं. आता आजीचे गुडघे उठता-बसता कुरकुरायचे. “पुढल्या वर्षी मला कोण उचलून नेतंय?” असं ती एकदा म्हणाली, आणि ते नेमकं बळवंतकाकांच्या कानावर पडलं.

“मी नेतो,” काका म्हणाले. “व्हॅन आहे ना आपली.”

झालं. मे महिन्याची सुट्टी लागली तशी मासळीच्या पेट्या बाहेर निघाल्या, मागची सीट आत गेली, आणि व्हॅन निघाली. काका, त्यांची मुलं जया आणि चंदू, धोंडिराम, त्यांचा मुलगा रतन आणि पुढच्या सीटवर पांढरं लुगडं नेसलेली आजी. पौर्णिमेला थोडा अवकाश होता म्हणून काकांनी आधी सगळ्यांना पोखऱ्याला नेऊन हिमालय दाखवला. आज पौर्णिमा होती. संध्याकाळपर्यंत लुंबिनी गाठायचीच होती.

या प्रवासाआधी काकांनी गाडी चढवलेला सगळ्यात मोठा डोंगर म्हणजे बोरिवलीचा कान्हेरी. इथला रस्ता पाहून ते म्हणाले होते, “लाट ती लाट. लहान काय आणि मोठी काय.”

“काका, तो दिवा नक्की कशाचा आहे?” रतनने विचारलं. तो आठवीतून नववीत गेला होता, आणि एखादी गोष्ट कळली नाही की त्याला घास गोड लागत नसे.

“हँडब्रेकचा. हँडब्रेक ओढला की लागतो. व्हॅन घेतली तेव्हा दुकानातल्या माणसाने सांगितलंय. दांडा जरा ढिला झालाय, दुसरं काय.” काकांनी दांड्यावर एक चापट मारली. दिवा विझला. “बघितलंस?”

पुढच्या वळणावर तो परत लागला. काकांनी परत चापट मारली. या वेळी दिव्याने दाद दिली नाही. दोन-तीन चापटा खाल्ल्या आणि मग कधीतरी आपल्या मर्जीने विझला.

“हॉर्न वाजवला की लागतो,” चंदूने जाहीर केलं. तो दहा वर्षांचा होता आणि त्याच्याकडे कुठल्याही गोष्टीचं उत्तर तयार असायचं.

काकांनी हॉर्न वाजवला. दिवा लागला नाही.

“मग आजी पुढे वाकली की लागतो. मी बघितलंय.”

“माझ्या वजनानं पेटतोय व्हय रं?” आजी हसायला लागली. तिने मुद्दाम पुढे वाकून पाहिलं, मागे टेकून पाहिलं. काही नाही. मग व्हॅन एका वळणावरून खाली उतरायला लागली, आजी सगळ्यांसारखीच पुढे झुकली, आणि दिवा लागला.

“बघ! आजीच!” चंदू म्हणाला.

मग आजीला मागे बसवून झालं, धोंडिराम पुढे बसून झाले. दिवा धोंडिरामलाही तसाच लागला. रतनचं डोकं भणाणून गेलं. खड्ड्यात लागतो म्हणावं, तर साफ रस्त्यावर लागत होता. वळणावर लागतो म्हणावं, तर कित्येक वळणं कोरडी जात होती.

शेवटी काकाच वैतागले. “धोंडिराम, ती जखमेवरची चिकटपट्टी दे रे.” त्यांनी पट्टीचा तुकडा फाडला आणि दिव्यावर चिकटवला. “आता दिसतो का?”

“नाही,” धोंडिराम म्हणाले.

“मग मिटलं. होडीवर लाल दिवा नसला तर बंदरवाले ओरडतात, आणि इथे असला म्हणून तुम्ही ओरडता. आजीला संध्याकाळपर्यंत पोचवायचंय मला. गाणी म्हणा.”

गाणी कोण म्हणणार? पट्टीखालून दिवा गुलाबी दिसत होता, आणि चंदू आता बगळ्याऐवजी घारीसारखा त्याच्यावर नजर ठेवून होता. “लागला,” तो कुजबुजायचा. थोड्या वेळाने, “विझला.”

या सगळ्यात जयाचा आवाज नव्हता. बारा वर्षांची ही पोर भर वादळात होडीत उभी राहायची, आणि इथे घाटात तिला गाडी लागत होती. डोळे गच्च मिटून, लिंबू नाकाशी धरून ती बसली होती.

“कोळ्याची पोर आणि उलट्या करते,” चंदू म्हणाला. “वर्सोव्यात सांगू का?”

“सांग. तुझी चड्डी मांजराने पळवली ते मी सांगते.” डोळे न उघडताच ती म्हणाली. मग थोडं थांबून, “रतन, ऐक ना. हा चंदू ‘लागला’ म्हणतो ना, तेव्हा दर वेळी माझं डोकं पुढे गेलेलं असतं. ‘विझला’ म्हणतो तेव्हा मागे.”

“म्हणजे?”

“म्हणजे उतारावर लागतो. चढावर विझतो.”

रतन बघत राहिला. पुढचा चढ आला, दिवा विझला. रस्ता खाली वळला, काकांनी ब्रेकवर पाय ठेवला, पट्टी गुलाबी झाली. पुन्हा तसंच. पुन्हा तसंच.

“पण हँडब्रेकला चढ-उतार कसा कळणार?” रतन हळूच म्हणाला.

“पाण्याला कळतो,” जया म्हणाली. “आमच्या होडीत तळाला पाणी साचतं. होडीचं तोंड खाली गेलं की सगळं पुढे पळतं आणि मागची बाजू कोरडी पडते. पाणी भरपूर असेल तर नाही पडत. थोडं असेल तरच.”

“ब्रेकला पाणी कशाला पाहिजे?” चंदूने विचारलं. रतनने पुढे वाकून वडिलांच्या खांद्याला हात लावला. “बाबा, ब्रेकच्या आत काय असतं?”

“तेल असतं. पायाने दाबलं की त्याचा जोर चाकांपर्यंत जातो. का रे?”

“ते कमी झालं तर?”

धोंडिरामनी बळवंतकाकांकडे पाहिलं. काका म्हणाले, “निघताना मी स्वतः बघितलंय, काठोकाठ होतं. ते काय चहा आहे का, कुणी पिऊन जायला?” धोंडिरामचं समाधान झालं. रतनचं झालं नाही, पण काकांना काय सांगावं हेही त्याला कळेना. काठोकाठ होतं तर जाणार कुठे?

तानसेन गावाच्या फाट्यावर व्हॅन चहासाठी थांबली. इथून पुढे बुटवलपर्यंत नुसता उतार, असं चहावाला हिंदीत सांगत होता. रस्ता डोंगराच्या कडेकडेने खाली खाली जाताना दिसत होता, आणि त्याच्या एका बाजूला दरी होती. मोठी माणसं चहाला बसली. रतन व्हॅनभोवती फेरी मारत होता. मागच्या चाकापाशी रस्ता ओला दिसला, तसा तो थबकला.

“अरे, ती टपकतेच,” चंदू म्हणाला. “आमची व्हॅन कायम टपकते. बर्फाचं पाणी. मांजरं त्या ओलीवरून माग काढत येतात.”

रतन दोन पावलं पुढे गेला आणि परत फिरला. “चंदू, बर्फ कुठाय?”

“बर्फ?” चंदूने व्हॅनकडे पाहिलं. “बर्फ तर अंधेरीलाच राहिला.”

तिघंही चाकाशी गोळा झाली. जयाने वाकून ओलीत बोट बुडवलं आणि चोळलं. बोट बुळबुळीत झालं. मासळीचा वास नव्हता. नेहमीच टपकणारी व्हॅन, तिच्याखालची ओल कोण बघणार? मुंबईपासून कुणीच बघितली नव्हती.

“सांगूया चल,” जया म्हणाली.

“ऐकणार नाहीत. सकाळपासून ऐकलंय का?” रतन म्हणाला. त्याची नजर आजीकडे गेली. ती पदराने वारा घेत दगडावर बसली होती. ही व्हॅन इथे थांबली, तर आजीची पौर्णिमा गेली. आणि ती घालवणार कोण, तर तिचाच नातू. रतनला रडायला आलं. एकदा वाटलं, आपला अंदाज चुकलाही असेल, बसावं गप्प. मग त्याने तो रस्ता पुन्हा एकदा पाहिला आणि आजीसमोर जाऊन बसला. सगळं सांगितलं, दिव्याचं, उताराचं, ओलीचं.

“खात्री हाय तुझी?” आजीने विचारलं.

“निम्मी,” रतन खरं ते म्हणाला.

“निम्मी पुरं झाली.”

“पण आजी, तुझी पौर्णिमा?”

“अरं, अडीच हजार वर्षं झाली त्यांना. म्हातारी उशिरा आली म्हणून उठून जाणार हायेत का? आणि तुमी पोरं त्या दरीत गेलात, तर मी तिथं जाऊन मागू काय?”

ती गुडघ्यावर हात टेकून उठली, व्हॅनच्या पुढच्या चाकासमोर गेली आणि भर रस्त्यात मांडी घालून बसली. चहाचा पेला हातात घेऊन बळवंतकाका धावत आले.

“आजी, हे काय? उशीर होतोय.”

“पोरं सांगतात ते बघ. बघितल्याबिगर मी उठत नाही.”

आता ज्या आजीसाठी एवढा प्रवास, तीच चाकासमोर बसली म्हटल्यावर काका करतात काय? पुटपुटत त्यांनी पुढचं झाकण उघडलं. आत पांढरट प्लास्टिकची डबी होती आणि तिच्यावर दोन रेघा होत्या. तेल खालच्या रेघेच्याही खाली गेलं होतं. “म्हणजे तेल कमी झालं तरी हाच दिवा लागतो!” काका ओरडले.

“चाकांना दगड लावा,” ते म्हणाले. आजीला बाजूला घेऊन धोंडिरामनी आणि मुलांनी चारी चाकांना दगड लावले. काका आत बसले.

“काका, दाबा जोरात,” रतन म्हणाला. “उतारावर दाबाल तसं.”

काकांनी ब्रेक दाबला. एकदा, दोनदा. मग सगळा भार देऊन दाबला, आणि खाडकन पाय खाली जाऊन तळाला टेकला. “मागे तेल उडालं!” चंदू ओरडला. काकांनी पुन्हा दाबून पाहिलं. ब्रेकमध्ये काही उरलंच नव्हतं.

ते खाली उतरले, रस्त्यावर पाठ टेकून व्हॅनखाली शिरले आणि बराच वेळ बाहेर आले नाहीत. आले तेव्हा त्यांचा चेहरा उतरला होता.

“नळी गंजून फुटली. इतकी वर्षं मासळीचं खारं पाणी तिच्यावर पडत होतं. होडीचा खिळा न खिळा मी बघतो, आणि हिच्या पोटाखाली एकदा वाकलो नाही.” त्यांनी दरीकडे पाहिलं आणि लगेच नजर वळवली. “मी तुम्हा सगळ्यांना घेऊन गेलो असतो रे.”

धोंडिरामनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. मग काकांनी आत हात घालून दिव्यावरची चिकटपट्टी खरवडून काढली आणि जयासमोर येऊन उभे राहिले.

“होडीतल्या पाण्याचं तू ओळखलंस?”

“मी पाण्याचं, रतनने बर्फाचं,” जया म्हणाली.

“आणि मी सकाळपासून ‘लागला, लागला’ म्हणत होतो,” चंदू म्हणाला.

“तर आज होडीचे तांडेल तुम्ही तिघं, आणि मी खलाशी. काय हुकूम?”

“आजीला बसमध्ये बसवायचं,” रतन म्हणाला. “आत्ताच्या आत्ता.”

काका नळी दुरुस्त करायला व्हॅनपाशी थांबले. बाकीचे खाली जाणाऱ्या बसमध्ये चढले. बसमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती, पण एका नेपाळी बाईने मांडीवरची कोंबडी उचलून आजीला जागा दिली. उतार खरंच संपता संपेना. एका वळणावर बस दरीच्या अगदी काठाने गेली, तेव्हा धोंडिरामनी रतनचा हात घट्ट धरला आणि पार बुटवल येईपर्यंत सोडला नाही.

दोन बस बदलून मंडळी लुंबिनीला पोचली तेव्हा सूर्य मावळत आला होता आणि समोरून केशरी चंद्र वर येत होता. देशोदेशीची माणसं पांढऱ्या कपड्यांत रांगेने अशोकाच्या दगडी खांबाकडे चालली होती. आजी रांगेत शेवटपर्यंत उभी राहिली, कुणाचा हात धरला नाही. तिची पाळी आली तशी ती बाजूला झाली.

“आधी तुमी तिघं,” ती म्हणाली.

“आजी, तू एवढी वर्षं वाट बघितलीस,” रतन म्हणाला.

“म्हणून तर सांगते. तुमी नसता तर मी आज इथं नसते. व्हा पुढं.”

तिघं चपला काढून पुढे झाली. “मला काय म्हणायचं ते येत नाही,” जया कुजबुजली. “हात जोड, पुरे आहे,” रतन म्हणाला. त्यांच्या मागे आजीने डोकं टेकलं आणि म्हणायला लागली, “बुद्धं सरणं गच्छामि…” पुढचे शब्द येण्याआधी तिला रडू फुटलं. तेव्हा ते रतनने म्हटले, आणि जया-चंदूने त्याच्या मागून, येतील तसे.