उणे तीसची तालीम

१. ओव्हरकोट.

तो मी आधी पाहिला, माणूस नंतर. मे महिना, दुपारचे दोन, रस्त्यावरचं डांबर चपलेला चिकटत होतं — आणि आमच्या बर्फाच्या कारखान्याच्या दारात गुडघ्यापर्यंत लष्करी ओव्हरकोट घातलेला, घामानं निथळणारा एक तरुण उभा.

"दहा मिनिटं आत बसू द्याल?"

"लादी अर्धी देऊ का पूर्ण?" मी चिठ्ठ्यांचं पुस्तक उघडलं.

"बर्फ नको हो. थंडी पायजे."

नागनाथ, पेडगावचा. शेतकी शिकलेला; ऑगस्टात तीन वर्षांसाठी रशियाला निघालेला. तिथे हिवाळ्यात उणे तीस. खिशात सामानाची यादी होती. पण तेवढं पुरेल का, हे परभणीत कळायचं कुठे?

माझ्या वडिलांनी, आश्रुबा मिस्त्रींनी, त्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "जावा. मनकर्णा, तू बी जा संगं, दार अडकतंय कधी कधी. आन् आत खोटं बोलू नका."

"का बरं?"

"खोट्याला तिथं वाफ निघत न्हाई."

२. कानटोपी. ३. (खोडलेलं.)

आत एकच पिवळा दिवा. भिंतीशी उभ्या लाद्या. खाली भुसा, त्यामुळे पावलं वाजत नाहीत. कुणीतरी मागे येऊन उभं राहिलंय असं मला तिथे लहानपणापासून वाटतं.

"लय गार वाटायलंय का?"

"छे! काहीच न्हाई."

त्याच्या तोंडापुढे... काही नव्हतं. नुसती स्वच्छ हवा.

एका लादीत आतून कट्ट वाजलं.

मग मी हळूच म्हणाले, "टोपी लय शोभायली तुमाला."

माझीही वाफ निघाली नाही. तो इतका हसला, की ते हसणं पांढरं होऊन दिव्यापर्यंत गेलं.

४. लोकरी मोजे, तीन जोड. ५. व्हॅसलीन. ७. पुन्हा मोजे.

तो रोज येऊ लागला. आधी बोटं बधिरतात, मग कान, मग शब्द जड होतात — हे मी शिकवलं. ओंजळीत फुंकर कशी घालायची, तेही. एकदा त्यानं ती माझ्या बोटांवर घातली.

"माजी बोटं कशाला? मी कुठं चाललेय रशियाला?"

"सराव करायलोय," तो म्हणाला.

वाफ नाही.

बाहेर आम्ही वाट्टेल ते बोलायचो. आत जपून. त्या खोलीची भीती वाटायची आणि दुपार झाली की पाय तिकडेच वळायचे.

९. शेंगदाण्याची चटणी — हे माझ्या अक्षरात.

जुलैचा शेवट. शेवटची तालीम. यादीतलं सगळं अंगावर. नुसते डोळे दिसत होते. त्यानं मफलर खाली ओढला.

"मी परत येईन, मनकर्णा."

काही नाही.

त्यानं पुन्हा म्हटलं, मोठ्यानं. "तीन वर्षांनी. नक्की."

ओठ हलले. हवा तशीच.

त्याचा चेहरा उतरला. "मला... मलाच ठाऊक नव्हतं," तो पुटपुटला, आणि एवढ्याला मात्र वाफ निघाली, बारीकशी.

लाद्या एकामागून एक तडकू लागल्या. कट्ट. कट्ट. जणू आत कुणी दार वाजवत होतं.

"जावा खुशाल," मी म्हणाले. "मी न्हाई वाट बघणार."

मी माझ्या तोंडापुढे पाहिलं. त्यानंही पाहिलं.

काही नव्हतं.

म्हणजे तो यायचा नाही, आणि मी थांबायची. इतकं उघडं आम्हाला कुणी सांगितलं नसतं.

त्यानं खिशातून यादी काढली, पेन्सिलीला ओठांनी ओल दिली.

१४. हातमोजे, १ जोड.

एकाचे दोन केले.

"लगीन करून जाऊ. चल माझ्यासंगं."

एवढी वाफ... तिच्यामागे त्याचा चेहराच दिसेना.

"माप सांग," त्या पांढऱ्यातून आवाज आला.

मी तळहात पुढे केला. एक शब्दही बोलले नाही. तरी माझ्या तोंडातून पांढरा ढग निघाला आणि त्याच्या वाफेत मिसळून गेला.

दारावर थाप. "पोरी, किती जण हाव आत?"

"दोघं, अण्णा," मी म्हणाले.

लाद्या गप्प झाल्या होत्या.