चोरासाठी वाढलेलं पान

इन्स्पेक्टर वैजनाथ सेलूकरांच्या लेखी जगात माणसं दोनच जातीची, चोर आणि मूर्ख. चोरांना धरायचं, मूर्खांवर खेकसायचं. स्वतः ते तिसऱ्या जातीचे, आणि त्या जातीत दुसरं कुणीच नव्हतं. तर अशा या शहाण्या माणसाची एका दुपारी काय गत झाली, ती ऐका.

त्या वर्षी सिडकोपासून बेगमपुऱ्यापर्यंत एका चोरानं त्यांची झोप उडवली होती. भर दुपारी बंद घरात शिरायचा. कुलूप जसंच्या तसं. स्वयंपाकघरात झाकून ठेवलेलं जेवायचा, ताट घासून पालथं घालायचा आणि एकच वस्तू उचलून पसार व्हायचा. कधी अंगठी, तर कधी नुसता म्हातारीचा चष्मा. त्याला पाहिलेला माणूस सापडेना. लोकांनी त्याचं नाव ठेवलं, दुपाऱ्या. "साहेब, घावला की आमच्याकडं भांड्याला पाठवा," असं टपरीवाले तोंडावर म्हणू लागले, तेव्हा सेलूकर जळून कोळसा झाले. नोकरी गेली तरी बेहत्तर, पण या भिकारड्याला बेड्या घालणारच, असा त्यांनी पण केला होता.

पितृपंधरवडा लागला आणि त्यांच्या वडिलांची तिथी आली. वडील वेरूळचे. जन्मभर लोकांच्या पूजा सांगून, मिळेल त्या दक्षिणेत मुलाला शिकवलं. मुलगा साहेब झाला आणि चारचौघांत त्यांना बाप म्हणायला लाजू लागला. शाबास रे पठ्ठ्या! त्या सकाळी त्यांच्या बायकोनं, प्रमोदिनीनं, सोवळ्यानं सगळा स्वयंपाक केला. वडे, खीर, कढी, गवारीची भाजी, आमसुलाची चटणी. तेवढ्यात सेलूकर डबा घेऊन आत आले.

"यात भर सगळं. सापळ्याला पाहिजे."

"अहो, काय हे! बाबांचं पान व्हायचंय अजून. पितरांच्या आधी कुणाला घास देत नाहीत."

"कावळ्यांना जेवू घालायचा पगार नाही मिळत मला."

तिच्या हातातला डाव हिसकावून त्यांनी स्वतःच डबा भरला. ती पदरानं डोळे पुसत राहिली, पण यांना कुठलं दिसायला!

हवालदार हबीबची बहीण सगीरा पिशोरला लग्नाला गेली होती. बेगमपुऱ्यातल्या तिच्या बंद घरात सापळा लावायचा ठरला. सेलूकरांनी स्वयंपाकघरात पाट मांडला, ताट वाढलं.

"साहेब, तोंड दक्षिणेला झालं की," हबीब दबकत म्हणाला. "आमच्या शेजारचे जोशीकाका तर तिकडं तोंड करून मेलेल्यालाच वाढत्यात."

"आता तू मला शिकव! दाराकडं पाठ पाहिजे त्याची, म्हणजे मानगूट हाती येते. जा, गल्लीत थांब."

हबीब गेला. सेलूकरांनी ताटासमोर थट्टेनं हात जोडले. "या महाराज, पोटभर जेवा!" आणि कोठीच्या दाराआड उभे राहिले.

खिडक्या लावलेल्या, आत नुसता करडा उजेड. गल्लीत रिक्षांची घरघर चालू होती, ती केव्हा थांबली ते कळलं नाही. खेळणारी पोरंही गप्प झाली. मग खिरीच्या वेलचीवर चढून दुसराच वास आला, न वाळलेल्या धोतराचा. आणि ऐकू आलं, कुणीतरी कढी भुरकत होतं… सावकाश… फार दिवसांच्या उपाशी माणसासारखं.

दार तर वाजलंच नव्हतं. सेलूकरांच्या अंगावर काटा आला, पण भ्यायचं ते मूर्खांनी. त्यांनी फटीतून पाहिलं. पाटावर एक वाकलेली पाठ. हात्तिच्या! सगळ्या शहराला नाचवणारा हा असला मरतुकडा म्हातारा? त्यांनी झेप घालून मनगट धरलं, बेडीचं एक कडं त्याच्या हातात अडकवलं, दुसरं स्वतःच्या.

ते मनगट विहिरीतल्या दगडासारखं गार होतं.

"वैजू…" पाठमोरा आवाज आला. "इथं कशाला वाढलंस रे?"

'वैजू' अशी हाक त्यांना फक्त बाबाच मारायचे.

"घरी गेलो होतो… माझ्या पानावर दुसराच बसलाय… मला दारातून हाकललं त्यानं. सूनबाई एकटी आहे तिथं…"

"हबीब!" सेलूकर किंचाळले.

हबीबनं दार ढकललं, ऊन आत आलं. पाटावर कुणी नव्हतं. ताट घासून पालथं घातलेलं, अजून ओलं.

"या अल्ला… साहेब, ते दुसरं कडं रिकामं हाय. मग ते लोंबत का नाय?"

कडं बंद होतं आणि हवेत, हाताच्या उंचीवर थांबलं होतं. सेलूकरांनी किल्ली काढली आणि त्यांचा हात अडला. हा दुपाऱ्या असेल तर सुटेल. आणि बाबा असतील तर घरचं पान न मिळताच माघारी जातील, तेही लेकाच्या हातच्या बेड्या सोसून. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना रडू फुटलं. किल्ली त्यांनी खिशात टाकली.

प्रमोदिनी फोन उचलेना. हबीबनं तोंडानं दुवा पुटपुटत जीप दामटली. मागच्या सीटवर सेलूकरांच्या शेजारची गादी दबलेली होती.

घराचं दार प्रमोदिनीनं उघडलं. सकाळची रडवेली बाई ती हीच का, असं वाटावं, इतकी फुलली होती.

"अहो, बाबा आलेत!" ती कुजबुजली. "उरलंसुरलं वाढलं, तरी पोटभर जेवले. ताटसुद्धा मला घासू दिलं नाही…"

आतून खाट करकरली. मग आवाज आला, हुबेहूब वडिलांचा.

"कोण, वैजू का? सापडला का रे चोर?"

सेलूकरांच्या शेजारी कडं थरथरू लागलं. गार बोटं त्यांच्या बोटांत शिरली, आणि जत्रेच्या गर्दीत बाप पोराला धरतो तशी घट्ट आवळली गेली.