निळ्या नाडीचा सापळा

"नाड्या गेल्या कुठे?" ताई गच्चीच्या दारातच थबकली.

बटण दोरीकडे धावली. संघातली सगळ्यात लहान म्हणून तिला सगळे बटण म्हणत. सुट्टीतला शेवटचा सामना दुपारी चार वाजता होता आणि संघाचा नियम ठरलेला. सगळ्यात लहान खेळाडूने सगळ्यांच्या बुटांच्या नाड्या धुवायच्या. धुलाई पास झाली तरच मैदानात उतरायचं. बटणने काल सगळ्या बुटांमधून नाड्या ओढून काढल्या, वाळलेला चिखल झटकला, जुन्या टूथब्रशने घासल्या. गुंता होऊ नये म्हणून मोज्यात भरून गाठ मारली आणि मोजाच साबणाच्या पाण्यात बुचकळला. सकाळी दोरीवर पांढऱ्याशुभ्र नाड्या लोंबत होत्या. आता नुसते चिमटे उरले होते.

"वाऱ्याने उडाल्या असतील," गोलकीपर म्हणाला. त्याला सगळे भोपळा म्हणत.

"चिमटे सोडून? वारा फार हुशार दिसतोय तुमचा," बटण फणकारली. रडू येत होतं, पण ती जिद्दीला पेटली. "चोराला नाड्याच हव्यात ना? मग अजून एक देऊ."

तिच्या बुटांच्या नाड्या तेवढ्या पायातच होत्या; त्या तिने काल रात्रीच ओवून ठेवल्या होत्या. त्यातली एक तिने काढली, आईच्या निळीच्या बाटलीत बुडवली आणि ओलीच दोरीवर टांगली.

"अगं, तुझी नाडी खराब होईल," ताई म्हणाली.

"होऊ दे. बाकीच्यांच्या मिळाल्या तरच सामना होणार आहे."

मग तिघं मुद्दाम मोठ्याने गप्पा मारत खाली गेली.

जेवायला सगळे जमले. काका घाईघाईत आले आणि आईने भात वाढता वाढता विचारलं, "भाऊजी, नाकाला काय लावलंत?"

काकांनी नाक चोळलं. ते आणखी निळं झालं. बोटं तर आधीच निळीशार होती.

"काका," बटण गोड आवाजात म्हणाली, "गच्चीवर काय बांधत होता?"

"टोमॅटोची रोपं. वाकली होती बिचारी. दोरीवर सुतळीचे तुकडे लोंबत होते, म्हटलं, उगाच वाया कशाला..." बोलता बोलता काकांचा घास हातातच राहिला.

जेवण अर्ध्यावर टाकून सगळे वर धावले. टाकीमागे प्रत्येक रोप काठीला बांधलेलं होतं, तेही सुबक फुलगाठ मारून. काकांनी स्वतः वाकून गाठी सोडल्या आणि रोपांना खरी सुतळी बांधली. उन्हात नाड्या खडखडीत वाळल्या होत्या.

चारच्या ठोक्याला बटण मैदानात उतरली. एका बुटात पांढरी नाडी, दुसऱ्यात निळी. पलीकडच्या गल्लीची मुलं हसली. सामना संपला तेव्हा ती मुलं हसत नव्हती, कारण जिंकवणारा गोल निळ्या नाडीच्या बुटाने झाला होता.

"डोकं आणि पाय, दोन्ही चालतात पोरीचे," काका निळ्या बोटांनी टाळ्या वाजवत म्हणाले.

ताईने खाली बसून आपल्या बुटाची एक नाडी ओढून काढली आणि बटणच्या हातात ठेवली.

"हिलाही नीळ लाव," ती म्हणाली. "सगळ्यांच्याच एकेका नाडीला लाव."