पांढऱ्या गाठी

यामिनी ढोबळेने तुरीचं रोप कुंडीतून अलगद उपसलं, मुळं धुतली आणि त्यांवरची एक गाठ ब्लेडने मधोमध कापली. शेजारच्या खुर्चीत तिचे गुरू डॉ. उपलेंचवार बसले होते. काचबिंदूने त्यांची दृष्टी गेली होती, तरी आज ते हट्टाने प्रयोगशाळेत आले होते.

‘‘रंग सांग,’’ ते म्हणाले.

निरोगी गाठ आतून गुलाबी असते. तिच्यातले जिवाणू हवेतला नायट्रोजन झाडाला देतात, झाड त्यांना साखर देतं. उपलेंचवारांनी जनुकं बदलून ‘अन्नदा’ जिवाणू घडवला आणि तो ज्वारी-गव्हाच्या मुळांतही नांदू लागला. गावोगाव बियाण्याला तोच चोळला जाऊ लागला. युरियाचे कारखाने बंद पडले. लोक वाटेत थांबवून सरांच्या पाया पडत.

‘‘यामिनी?’’

‘‘पांढरी आहे, सर.’’

‘‘कुठली माती?’’

‘‘डोंगरमाथ्यावरची. तिथं कधी पेरणीच झालेली नाही. हीच शेवटची आशा होती.’’

नायट्रोजन बांधायला जिवाणूला फार शक्ती खर्चावी लागते. ‘अन्नदा’तले जे कामचुकार निघाले, तेच फोफावले. ते गाठी करत, साखर खात आणि झाडाला काहीच देत नसत. यंदा राज्यभर पिकं गुडघ्याएवढी होऊन पिवळी पडली होती. शीतपेटीत जपलेले जुने जिवाणू यामिनीने कुंड्यांत सोडून पाहिले. हे ऐतखाऊ त्यांना मुळापाशी फिरकूच देईनात. म्हणून ती रानोमाळ हिंडून न पेरलेली माती आणत होती, कुठेतरी तग धरून राहिलेला एखादा गावठी जिवाणू सापडेल म्हणून. पण वाऱ्याबरोबर, गुरांच्या खुरांना चिकटून ‘अन्नदा’ तिच्याआधीच सगळीकडे पोचला होता.

उपलेंचवारांनी हात पुढे केला. तिने गाठ त्यांच्या तळव्यावर ठेवली. ती त्यांनी चिमटीत धरून चाचपली.

‘‘चांगली टपोरी आहे गं,’’ ते म्हणाले आणि त्यांनी मूठ घट्ट मिटली.

यामिनीने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. ‘‘घरी सोडू का, सर?’’

‘‘नको. कारखाने पुन्हा कधी सुरू होतील?’’

‘‘चार-पाच वर्षं तरी लागतील म्हणतात.’’

‘‘आणि तोवर लोक खाणार काय?’’

उपलेंचवारांनी मूठ उघडून गाठ चाचपत टेबलावर ठेवली.

‘‘झाडंही बदलतात, यामिनी. कधीतरी ती या चोराला मुळाशी येऊ देणार नाहीत. पण तोवर इतकी फसलेली झाडं, उद्या खरा सोबती आला, तर त्याला तरी आत घेतील का?’’